चार घोडे, वैरणीचे तीन ढीग: सामायिक यार्डवरच्या भांडणाबद्दल

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. लेस्टरशायरमधल्या एका डीआयवाय लिव्हरी यार्डवर, म्हणजे जागा भाड्याने घेऊन घोड्याचं सगळं मालकानेच करायचं अशा तबेल्यावर, तुमच्या मुलीचा कॉब (दणकट बांध्याचा घोडा) ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, स्वभावाने गरीब. पहिले दोन आठवडे तो वेगळा होता. मग एका शनिवारी त्याला आधीच्या तीन घोड्यांत, म्हणजे दोन गेल्डिंग (खच्ची केलेले घोडे) आणि एक घोडी यांच्यात, थेट सोडून दिलं. गेल्या आठवड्यात सकाळी साडेसातला फाटकाजवळ वैरण टाकली, तेव्हा त्यांतल्या मोठ्या वॉर्मब्लडने (खेळांसाठी पैदास केलेल्या जातीच्या गेल्डिंगने) त्याला लाथ मारली. पुढच्या पायाला, आतल्या बाजूने, गुडघ्याच्या वर लहानशी जखम आहे, चालतो ठीक. वॉर्मब्लडच्या मालकीणबाई म्हणतात, तुमचाच घोडा घोडीच्या मागे लागतो. यार्डच्या मालकीणबाई म्हणतात, नकोच ती कटकट, त्याला कायमचा एकटा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. व्हेटचं बिल कोणी द्यायचं, एकटा ठेवायचा का, आणि ग्रुपवर काय लिहायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी घोड्यांचं काम पुण्यात शर्यतीच्या तबेल्यात शिकलो आणि आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये यार्ड सांभाळतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी पाय.

तुम्ही जखमेवर एक ओळ लिहिली आहे आणि भांडणावर दोन पानं. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. मागच्या पायाला हॉकच्या, म्हणजे मधल्या सांध्याच्या वर, आतून, तीच गत. तिथे नालेची लाथ बसली की बाहेर बोटाच्या पेराएवढी जखम दिसते आणि आत हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. असा घोडा कधी कधी बरा चालतो, खातो-पितो, आणि काही दिवसांनी आडवा होऊन उठताना त्या पायावर भार आला की हाड दुभंगतं. मग बहुतेक वेळा हाती काही उरत नाही. व्हेटने अजून एक्स-रे काढला नसेल तर आजच फोन करून जखम नेमकी कुठे आहे आणि लाथेचीच आहे, हे स्पष्ट सांगा. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढायची तयारी ठेवा, कारण बारीक चीर कित्येकदा तेव्हाच दिसते. तोवर त्याला कुरणात सोडू नका, एकटासुद्धा नाही. आडवा होऊ नये म्हणून बांधून ठेवायचा का, ते व्हेट ठरवतील. जखम सांध्याजवळ किंवा टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाजवळ असती तर मी याहून घाईचं बोललो असतो. तिथे लहान भोकातून गेलेला जंतूसंसर्गसुद्धा घोडा गमावायला पुरतो.

आता लाथ का बसली ते बघू. तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: ‘रोजच्यासारखे तीन ढीग टाकले होते.’ घोडे चार. ऑक्टोबरपर्यंत त्या कुरणात तीन घोडे होते, म्हणून तीन ढीग. चौथा आला आणि ढिगांचा आकडा कोणीच बदलला नाही, कारण सकाळी वैरण टाकायची पाळी रोज वेगळ्या माणसाची असते आणि प्रत्येक जण आदल्या दिवशीसारखंच करतो. शिवाय तिन्ही ढीग फाटकाजवळ. तेही समजू शकतं. लेस्टरशायरची चिकणमाती नोव्हेंबरात गुडघाभर होते, ढकलगाडी पुढे नेववत नाही.

हे घोड्याच्या बाजूने बघा. थंडीत हे घोडे रात्री तबेल्यात असतात. मोकळा घोडा दिवसातले साधारण सोळा तास तोंड हलवत असतो आणि त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, खाल्लं असो वा नसो. संध्याकाळी सहाला टांगलेलं जाळीतलं गवत मध्यरात्रीपर्यंत संपतं. सकाळी साडेसातला जे चार घोडे फाटकातून आत येतात ते सात-साडेसात तासांचे उपाशी असतात, आणि समोर तीन पानं मांडलेली असतात. एका बाजूला फाटक, दुसऱ्या बाजूला कुंपणाचा कोपरा. नव्या घोड्याला मागे सरायचं असतं पण सरायला जागा नसते.

घोडा लाथ मारण्याआधी बऱ्याच पायऱ्या उतरतो. आधी कान मागे जातात. मग मान लांबवून तोंड फिरवतो. मग पुठ्ठा वळवतो, एक पाय उचलून धरतो, आणि सगळ्यात शेवटी दुगाण्या झाडतो. ज्या कळपात जागा आणि चारा पुरेसा असतो तिथे जवळपास सगळे वाद पहिल्या दोन पायऱ्यांवर मिटतात. समोरचा दोन पावलं बाजूला होतो आणि संपलं. तुम्हाला दिसलेली लाथ म्हणजे ज्याला दोन पावलं मागे जाता आलं नाही अशा घोड्याची गोष्ट आहे. वॉर्मब्लड दुष्ट असण्याचा किंवा कॉब आगाऊ असण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. म्हणून ‘सुरुवात कोणी केली’ या वादात मी पडणार नाही, तुम्हीही पडू नका.

घोडीच्या मुद्द्यावर दोन शब्द. घोड्या साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत दर एकवीस दिवसांच्या आसपास माजावर येतात आणि दिवस लहान झाले की बहुतेकींचं ते चक्र थांबतं. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी ‘घोडीमुळे झालं’ हे कारण मला तरी लंगडं वाटतं. मात्र वॉर्मब्लड तिला राखत असेल हे शक्य आहे. गेल्डिंगसुद्धा एखाद्या घोडीला आपली मानून नव्या घोड्याला तिच्या आसपास फिरकू देत नाहीत. आणि तुमचा कॉब खरोखर तिच्यावर चढत असेल तर त्याची रक्ततपासणी करून घ्या. एखादं वृषण पोटातच राहिलेला घोडा बाहेरून खच्ची दिसतो आणि वागतो मात्र वळूसारखा. घोड्या आणि गेल्डिंग वेगळे ठेवायची रीत इथे अनेक यार्डांवर आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी मिश्र आणि एकाच लिंगाचे गट ताडून पाहिले तेव्हा भांडणांत आणि जखमांत म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. माझाही कल तिकडेच आहे. ठरावीक दोन घोड्यांचं पटत नाही हे खरं असतं. ‘घोड्या असल्या की भांडणं होतात’ हे मला तितकं पटत नाही.

नाल हा विषय मात्र गंभीर आहे. झुरिकच्या पशुवैद्यक शाळेत घोड्यांच्या लांब हाडांवर लाथेच्या वेगाने खुराचे आघात करून पाहिले, तेव्हा ज्या वेगाला पोलादी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नालेने हाडं मोडली त्याच वेगाला अनवाणी खुराने मोडली नाहीत. यार्डवर एकच नियम करता आला तर मी हा करेन: एकत्र सोडायच्या घोड्याच्या मागच्या पायांना नाल नको. याला विरोध होतो. एखाद्याचा घोडा रोज डांबरी रस्त्यावर जातो, एखाद्याचे खूर ठिसूळ असतात, एखाद्याच्या नालबंदाचं मत वेगळं असतं. मग तो घोडा त्या गटात न सोडता शेजारच्या पट्ट्यात सोडावा. मालकाच्या सोयीचा धोका दुसऱ्याच्या घोड्याने पत्करायचा, हे मला मान्य नाही.

तुमच्या कॉबला ज्या पद्धतीने गटात सोडलं ती पद्धत इथे फार ठिकाणी चालते: शनिवारी सगळे मोकळे असतात, सगळे कुंपणाशी उभे राहतात, फाटक उघडतात आणि ‘आपापसांत ठरवतील’ म्हणतात. ठरवतात खरे, पण किंमत मोजून.

पुढच्या वेळी, आणि पाय बरा झाल्यावर पुढची वेळ येणारच, हे असं व्हावं. वेगळं ठेवण्याचे दोन आठवडे मला कमी वाटतात. स्ट्रँगल्स हा घशाच्या गाठींचा आजार नव्या घोड्याबरोबर यार्डात शिरतो, आणि काही घोडे दिसायला ठणठणीत असूनही गळ्यातल्या पोकळ्यांमध्ये तो जंतू महिनोनमहिने बाळगतात. तीन आठवडे वेगळं ठेवावं, रोज ताप बघावा, व्हेटशी बोलून रक्ततपासणी करावी, लीद तपासून जंताचं औषध ठरवावं. हे झालं की शेजारच्या पट्ट्यात, नाकाला नाक लागेल पण पाय अडकणार नाही अशा कुंपणापलीकडे काही दिवस. स्वीडन-डेन्मार्कमधल्या अभ्यासात अनोळखी घोडे आधी शेजारशेजारच्या खणांत ठेवले, तर नंतर समोरासमोर आल्यावर चावाचावीचे प्रकार कमी दिसले. आमच्याकडेही तेच दिसतं. सुरुवातीला कुंपणाशी किंचाळणं, पुढचा पाय आपटणं, पळापळ; काही दिवसांनी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना पण शेजारी शेजारी चरायला लागतात. ते दिसेपर्यंत पुढे जाऊ नये, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

त्यानंतर संपूर्ण कळपात एकदम सोडायचं नाही. गटातला सगळ्यात शांत घोडा निवडायचा आणि नव्याला त्याच्याबरोबर जोडीने काही दिवस ठेवायचं. तुमच्या वर्णनावरून तो दुसरा, वयस्कर गेल्डिंग असावा. मग ही जोडी उरलेल्या दोघांत जाते, आणि नवा घोडा एकटा पडत नाही. जागा सगळ्यात मोठी निवडायची, कोपरे टेपने गोलाई देऊन बंद करायचे, जमीन घसरडी नको, आणि सोडण्याआधी सगळ्यांची पोटं भरलेली हवीत. तोंडावर हॉल्टर ठेवायचाच असेल तर ताण आल्यावर तुटणारा. वैरणीचे ढीग घोड्यांपेक्षा एक-दोन जास्त, ओळीत न टाकता विखरून, फाटकापासून लांब, आणि दोन ढिगांत निदान दोन घोड्यांच्या लांबीचं अंतर. बादलीतली चंदी आणि खिशातली गाजरं कळपात कधीच नाहीत. शेवटची गोष्ट लहान मुलींना समजावणं अवघड जातं, मला माहीत आहे, पण कळपात माणसं जखमी होतात ती बरेचदा याच वेळी.

मग दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं. पळापळ, किंचाळणं, एखादा चावा हे पहिल्या दिवशी चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही एक घोडा दुसऱ्याला पाण्यापाशी येऊ देत नसेल, वैरणीपासून सतत हुसकावत असेल, तर ते जुळत नाहीये. आणखी एक खूण फारशी कोणी बघत नाही. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावं लागतं. कळपात धास्तावलेला घोडा आडवाच होत नाही. काही आठवड्यांनी तो उभ्या उभ्या पुढे कोसळतो, सावरतो, आणि पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून खरचटल्याच्या खुणा दिसतात. तुमच्या कॉबच्या अंगाला सकाळी कधी गवत-चिखल लागलेला असतो का? असेल तर बरं लक्षण आहे.

आता एकटं ठेवण्याचा प्रश्न. आपल्याकडच्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यतीचे घोडे ज्याच्या त्याच्या खणात असतात आणि मोतद्दाराच्या हाताने बाहेर पडतात. सारंगखेड्याच्या यात्रेत शेकडो घोडे एकमेकांना खेटून उभे दिसतात, पण प्रत्येक जण अगाडी-पिछाडीने बांधलेला. मोकळा कळप आपण फारसा पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ‘एकटा ठेवला, भांडण मिटलं’ हे चटकन पटतं. घोड्याच्या दृष्टीने मात्र सोबत ही चैन नव्हे. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, ते एकमेकांना दातांनी खाजवतात. कामार्ग घोड्यांवरच्या फ्रेंच अभ्यासात नेमकं तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. स्वित्झर्लंडमध्ये तर घोड्याला दुसऱ्या घोड्याची सोबत असलीच पाहिजे असं कायदाच सांगतो, आणि तिथल्या आव्हाँशच्या सरकारी अश्वपैदास केंद्रात वळूसुद्धा गटाने कुरणात सोडून पाहिले आहेत.

इथला कायदा जरा वेगळ्या शब्दांत आहे. २००६च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टच्या कलम ९ मध्ये प्राण्याच्या ज्या पाच गरजा दिल्या आहेत त्यांत इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळं राहण्याची गरज आहे. म्हणजे दोन्ही बाजू त्यात आपापलं बघू शकतात, आणि बघतातही. पण सरकारच्या घोड्यांविषयीच्या आचारसंहितेचा रोख सोबतीकडे आहे. तेव्हा यार्डच्या मालकीणबाईंना असं सांगा: पाय बरा होईपर्यंत तबेल्यात आणि नंतर काही आठवडे शेजारच्या पट्ट्यात, याला आमची हरकत नाही, कायमचं एकटं ठेवायला आहे. पट्टा अशा जागी हवा की त्याला दुसरे घोडे दिसतील आणि निदान एका बाजूने जवळ येता येईल. यार्डच्या मागच्या टोकाला, ढिगाऱ्याशेजारी जो तुकडा मोकळा असतो तो नको. तो तुकडा प्रत्येक यार्डवर असतो आणि नव्या माणसालाच मिळतो.

काही घोड्यांना मात्र वेगळा पट्टा खरोखर लागतो. लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या सुजेचा) धोका असलेल्या पोनीला कमी गवत हवं असतं आणि त्याच कुरणातल्या म्हाताऱ्या थरोब्रेडला जास्त. यावर वर्षानुवर्षं वाद झालेले मी पाहिलेत, आणि त्यात दोन्ही मालक बरोबर असतात. तुमचाही कॉब आहे, म्हणजे वसंतात हा प्रश्न तुमच्या दाराशी येणार. पण आता तो विषय नको.

माणसांकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे. तुमच्या यार्डवर कोणता घोडा कोणाबरोबर जाणार हे ठरवणारं कोणी नाही. मालकीणबाई जमीन भाड्याने देतात आणि बाकी तुम्ही आपसांत बघा म्हणतात. जुन्या भाडेकरूंना वाटतं कुरण त्यांचं आहे. वैरणीची पाळी फिरती आहे. तुमच्या घोड्याला शनिवारी सोडायचं ठरलं तेही, तुमच्याच शब्दांत, ‘सगळ्यांनी मिळून’. सगळ्यांनी मिळून म्हणजे कोणीच नाही. चौथा ढीग कोणी टाकायचा हे ज्याला सांगता येईल असा माणूस तिथे असता तर ही लाथ बहुधा बसलीच नसती.

इंग्लंडमध्ये रायडिंग स्कूलला परवाना लागतो. फक्त दुसऱ्यांचे घोडे ठेवून घेणाऱ्या लिव्हरी यार्डला लागत नाही. कोणीही शेतकरी चार तबेले बांधून सुरू करू शकतो, आणि पुष्कळांनी केलंय. त्यामुळे नियम जे काही असतील ते तुमच्या करारात असायला हवेत. तुमच्याकडे लेखी करार आहे का? नसेल तर भांडण मिटवण्यापेक्षा तो मागणं महत्त्वाचं. ब्रिटिश हॉर्स सोसायटीकडे त्याचा नमुना मिळतो. त्यात तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. गट कोण ठरवतं, याचं उत्तर एका माणसाच्या नावाने असावं. मागच्या नालांचं काय. आणि कुरणातल्या दुखापतीचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा का.

तुम्हाला वाटेल, हे मागितलं तर आपण आणखी नकोसे होऊ. आपला भिडस्तपणा मला ठाऊक आहे. नव्या ठिकाणी आलोय, इंग्रजी बोलताना सूर चुकेल, मुलीला तिथे रोज जायचंय, म्हणून गप्प बसायचं आणि घरी येऊन धुसफुसायचं. इथली माणसंही तशीच आहेत. तोंडावर ‘नो वरीज’ म्हणतात आणि ग्रुपवर परिच्छेद लिहितात. या बाबतीत लेस्टरशायर आणि सदाशिव पेठ यांत फार अंतर नाही.

ग्रुपवर काय लिहायचं हा तुमचा तिसरा प्रश्न होता. एकच निरोप, लहान: घोड्यावर उपचार चालू आहेत, चौकशी करणाऱ्यांचे आभार, कुरणाच्या व्यवस्थेबद्दल मी यार्डच्या मालकीणबाईंशी समक्ष बोलणार आहे. जखमेचा फोटो टाकू नका. लाथ मारतानाचा व्हिडिओ कोणाकडे असेल तर तो मागून जपून ठेवा, पण ग्रुपवर नको. आणि वॉर्मब्लडच्या मालकीणबाईंना चहाला बोलवा. गंमत नाही करत. त्यांचा घोडा आता सगळ्या यार्डवर ‘लाथाळ’ म्हणून बदनाम होतोय आणि त्यांनाही त्याला कुठेतरी सोडायचाच आहे. ढिगांची संख्या आणि जागा यावर तुम्ही दोघी एकत्र मालकीणबाईंसमोर गेलात तर त्यांना ‘कटकट नको’ म्हणता येणार नाही. वाद घालणाऱ्या एका भाडेकरूला बाजूला सारणं सोपं असतं, एकमत असलेल्या दोघींना अवघड.

कुरणाचा आकार हाही मुद्दा त्या बैठकीत काढा. आचारसंहितेत, वरून काही खायला घालायचं नसेल तर, एका घोड्याला साधारण अर्धा ते एक हेक्टर चांगलं कुरण धरलेलं आहे. थंडीत वैरण दिली जाते, त्यामुळे कमी जागा चालते. पण चार घोड्यांना जर अर्धा एकर ‘विंटर पॅडॉक’ (हिवाळ्यापुरतं लहान कुरण) मिळालं असेल, आणि बाकीची जमीन वसंतासाठी राखून ठेवली असेल, तर भांडणं हिवाळाभर चालतील. जमीन राखणं चूक नाही. मग घोडे दोन-दोनच्या जोड्यांत सोडावेत, किंवा कुंपणाच्या कडेने रुंद वाट आखून तिच्यावर ठिकठिकाणी वैरण टाकावी, म्हणजे ते चालत राहतात आणि कोंडले जात नाहीत. तिघांचा गट मला आवडत नाही, कारण दोघं फिरायला गेले की तिसरा एकटा राहतो, कुंपणाशी येरझारा घालतो आणि परत आल्यावर दुसऱ्यांवर राग काढतो. तुमच्या कॉबला काढलं तर मागे तिघंच उरतात, हेही त्यांना दाखवून द्या.

पट्टे पाडताना पांढऱ्या विद्युत टेपवर भागवतात. आतल्या विभागणीला ती ठीक आहे. बाहेरची, रस्त्याकडची हद्द मात्र भक्कमच हवी. डेव्हनमध्ये रात्री कशाने तरी बिथरलेले घोडे विद्युत कुंपण आणि त्यापलीकडचं लाकडी कुंपण तोडून मोठ्या रस्त्यावर गेले आणि एका मोटारचालकाला गंभीर दुखापत झाली. त्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) २००३ साली घोड्यांच्या मालकांना जबाबदार धरलं, त्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झालेला नसतानाही. कळपात नवा घोडा आल्यावर पळापळ होणार हे गृहीत असेल तर ही हद्द आधी बघून घ्यावी.

त्याच खटल्यामुळे अनेकांना वाटतं की लाथ मारणाऱ्या घोड्याचा मालक आपोआप बिल भरायला बांधील आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं नाही. तो निकाल १९७१च्या अ‍ॅनिमल्स अ‍ॅक्टवर होता, आणि त्याच कायद्यात म्हटलं आहे की नुकसान झालेल्याने धोका स्वेच्छेने पत्करला असेल तर मालक जबाबदार नाही. रस्त्यावरच्या मोटारचालकाने काही पत्करलेलं नव्हतं. तुम्ही मात्र चार घोडे एकत्र सोडायला संमती दिली होती. समोरच्या बाईंना आपला घोडा नेहमी लाथा मारतो हे माहीत होतं आणि त्यांनी ते लपवलं, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. तसं तुमच्या पत्रात काही नाही. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय लढता येतो, म्हणून लोक उत्साहाने जातात. मी गेलो नसतो. तुमच्या घोड्याच्या विम्यात व्हेटच्या खर्चाचा भाग आहे का बघा आणि असेल तर कंपनीला लगेच कळवा, कारण उशीर झाला तर तेच कारण पुढे करतात. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सदस्यत्वात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण मिळतं, ते तुमच्या घोड्याने उद्या कोणाला लाथ मारली तर कामाचं. तुमच्या स्वतःच्या घोड्याचं बिल त्यातून निघत नाही. बिल बहुधा तुम्हीच भराल.

आणि हे सगळं करून मालकीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे असंच चालतं, तर? पायाचा निकाल लागेपर्यंत थांबा; चीर असलेल्या पायावर गाडीतून प्रवास नको. तोवर नोटिशीची मुदत करारात किती आहे ते बघून ठेवा, बहुतेक ठिकाणी चार आठवडे असते. नवं यार्ड बघायला उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा सगळीच यार्डं छान दिसतात. आता, डिसेंबरात, पावसाच्या आठवड्यात सकाळी सातला जा. वैरण कोण टाकतंय, किती ढीग पडतायत आणि फाटकाशी किती घोडे दाटीने उभे आहेत ते बघा. मग जो माणूस भेटेल त्याला विचारा की माझा घोडा कोणाबरोबर जाईल. त्याने उत्तर देण्याआधी तुमच्या घोड्याबद्दल चार प्रश्न विचारले, तर तिथे अनामत भरायला हरकत नाही.